झाडात लोखंड आहे का?

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "मिस्त्री, लाकडाच्या सहवासातला आनंद, यावर काहीतरी लिहा." मी म्हटलं, आनंद? साहेब, एक दिवस माझ्या दुकानात येऊन बसा, मग आनंदाचं बोलू. ते हसले. मी हसलो नव्हतो.

पिंपळवंडीला माझं चेनसॉ दुरुस्तीचं दुकान आहे. होतं म्हणायला पाहिजे, कारण गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते पुतण्या चालवतो आणि मी खुर्चीत बसून त्याच्या चुका काढतो. त्याआधी बारा वर्षं वखारीत बँडसॉवर उभा होतो, नंतर सोळा-सतरा वर्षं हे. कुणाचं मशीन बिघडलं तर दुरुस्त करायचं, आणि कुणाचं झाड वाऱ्याने पडलं किंवा परवानगी काढून पाडलं तर त्याच्या बांधावर जाऊन तिथल्या तिथे फळ्या पाडून द्यायच्या. जुन्नर आणि आंबेगावचे किती बांध तुडवले याचा हिशेब नाही. पण एक सांगतो, इतक्या वर्षांत झाडाने मला कधी त्रास दिला नाही. सगळा ताप झाडाच्या मालकांनी दिला.

निमगाव सावाचा एक तरुण शेतकरी घ्या. माझ्या सांगण्यावरून नवं मशीन घेतलं आणि आठ दिवसांनी दुकानात आला तो तणतणतच. "फसवलं राव तुमी! कापतच नाय. नुसता धूर निघतोय." मी मशीन हातात घेतलं. चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी तापून निळी पडलेली आणि चेन उलटी बसवलेली. चेनच्या दातांची धार एकाच दिशेला असते. उलटी बसवली तर ती लाकूड कापत नाही, फक्त घासते. आठ दिवस हा पठ्ठ्या लाकूड घासत होता. वर मलाच विचारतो, "मंग कंपनीनं बाण काढायला नको का?" बाण होता हो! मशीनच्या पूजेला त्याने नेमकं त्या बाणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. ते पुसून मी त्याला बाण दाखवला. तर म्हणाला, पुसायला नको व्हतं.

दुसरे अवसरी बुद्रुकचे एक निवृत्त गुरुजी. त्यांच्या आंब्याच्या फळ्या मी पाडून दिल्या आणि नेहमीचं भाषण केलं. ओलं लाकूड लगेच वापरू नका. इंचाच्या फळीला वर्ष द्या. दोन फळ्यांच्या मध्ये पट्ट्या ठेवा, ऊन नको, सावली पाहिजे आणि हवा खेळती पाहिजे. गुरुजींनी वहीत लिहून घेतलं. वर्षाने फोन. पलंग केला, जवसाचं तेल घरीच घासून घासून लावलं, अगदी आरशासारखा झाला, पण खोलीत कुणी झोपायला तयार नाही. जाऊन बघतो तर पलंगाला सडक्या कांद्याचा वास! फळ्या त्यांनी वर्षभर कांद्याच्या चाळीत ठेवल्या होत्या, कांद्याच्या ढिगावर. मी कपाळाला हात लावला. गुरुजी शांतपणे म्हणाले, "हवा खेळती पाहिजे असं तुमीच सांगितलं व्हतं. आमच्यात हवा फक्त चाळीतच खेळती हाय." वरून तेल लावून तो वास त्यांनी आत कोंडून टाकला होता. सगळं तेल खरवडून पलंग सहा महिने उघड्या पडवीत टाकला, तेव्हा कुठे माणसं त्यावर बसायला लागली. बसायला. झोपत अजून कुणी नाही.

पण ही झाली किरकोळ डोकेदुखी. माझी खरी डोकेदुखी म्हणजे लोखंड.

चेनसॉने फळी पाडायची रीत अगदी साधी आहे. ओंडका आडवा ठेवायचा, त्यावर एक सरळ शिडी बसवायची आणि मशीन सांगाड्यात अडकवून शिडीवरून बुंध्याकडून शेंड्याकडे सरकवत न्यायचं. पहिला काप सरळ आला की पुढच्या फळ्या त्याच्या आधाराने पाडायच्या. चेन इतकी जोरात फिरत असते की दात डोळ्याला दिसत नाहीत. आता अशा चेनच्या वाटेत खोडातला खिळा आला तर काय होईल ते तुम्हीच सांगा. नशीब चांगलं असेल तर ठिणग्या उडतात आणि सगळे दात बोथट होतात. नशीब वाईट असेल तर चेन तुटते आणि समोर असलेल्या माणसाकडे येते. समोर मी असतो.

म्हणून मशीन टेम्पोतून उतरवायच्या आधी मी एकच प्रश्न विचारायचो. झाडात लोखंड आहे का? आणि दोन्ही तालुक्यांत मला एकच उत्तर मिळालं. "नाय ओ मिस्त्री, घरचं झाड हाय." अरे बाबांनो, घरचं आहे म्हणूनच विचारतोय! रानातल्या झाडाला कोण कशाला खिळे मारतंय? घरच्या झाडातून मी म्हशीच्या दाव्याची कडी काढली आहे, पाळण्याचा हूक काढला आहे, कपडे वाळत घालायची तार तर हातभर लांब काढली आहे. एकदा विळ्याचं अख्खं पातं निघालं. मालकाने काय म्हणावं? "अगं बया, हितं व्हय! आमी सगळीकडं शोधलं." पाहुण्यांच्या अंगावर गेटवर फिरवतात तसली वाजणारी दांडीही मी विकत आणली. तिला वरवरचं, दोन बोटांपर्यंतचंच कळतं. त्याच्या आत झाडाने काय गिळलंय, हे तिच्या बापालाही कळत नाही.

तर आता तात्यांची गोष्ट सांगतो. ती सांगायची म्हणूनच मी लिहायला होकार दिला.

तात्या आंबेगाव तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या एका वाडीवरचे, सत्तरीचे, कमी बोलणारे शेतकरी. मुलाने जुन्या घराशेजारी स्लॅबचं घर काढलेलं. दाराची चौकट घरच्याच लाकडाची पाहिजे म्हणून बांधावरची जुनी बाभूळ पाडलेली. मी विचारलं, चौकट कधी बसवायची? म्हणाले, "बुधवारी. मुहूर्त काढलाय." त्या दिवशी होता शुक्रवार. झाड पडून पाच दिवस झाले होते. ओल्या लाकडाची चौकट! पीळ खाईल, चिरेल, दार लागणार नाही, मी सगळं सांगून पाहिलं. तात्या म्हणाले, "मुहूर्त पोरानं काढलाय, माझ्या हातात काय न्हाई." झाडाला विचारून कुणी मुहूर्त काढत नाही, हे माझं जुनं रडगाणं आहे. ते मी गिळलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"लोखंड? बाभळीत कुठलं आलंय लोखंड? खोड एकदम साफ हाय," तात्या म्हणाले. बोलताना खोडाकडे बघत नव्हते. ते मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

ओंडका चांगला आठ फुटांचा, सरळ, दोन माणसांच्या कवेत येईल असा. बाभळीचं एवढं सरळ खोड नशिबानेच मिळतं. मी शिडी बसवली, मशीन सुरू केलं आणि बुंध्याकडून आत शिरलो. अर्धा फूट गेलो नाही तोच ठिणग्या! मशीन बंद केलं. चेनचे दात पार गेले होते. मी तात्यांकडे बघितलं. "पोरांनी मारला असंल कवातरी," ते म्हणाले. बरं, म्हटलं, असेल. दुसरी चेन चढवली, खिळा टोकरून काढला, पुढे गेलो. दोन फुटांवर पुन्हा खाडकन आवाज झाला, चेन तुटली आणि माझ्या उजव्या हाताच्या मोज्यावर येऊन बसली. मोजा फाटला, आतलं हाताचं कातडं सोललं. तो चामडी मोजा नसता तर हा लेख लिहायला बोटं उरली नसती.

मग मात्र माझा तोल गेला. मी तोंडाला येईल ते बोललो. म्हातारा माणूस आहे, दुसऱ्याच्या बांधावर उभा आहे, कसलीही तमा ठेवली नाही. "तात्या, माणूस मेला असता इथं! आता तरी खरं सांगा, किती खिळे आहेत?"

तात्या खाली बघत हळूच म्हणाले, "व्हतं थोडं. पन मला वाटलं, आता नसंल. पंचेचाळीस वर्षं झाली, मिस्त्री. झाड केवढं वर गेलं. खिळं बी गेलं असतील ना वर, शेंड्याकडं? शेंड्याच्या समद्या फांद्या मी सोताच्या हातानं नदीत सोडून आलो."

मी हात टेकले. ही चूक शहरातला माणूस करणार नाही, कारण त्याने झाड वाढताना पाहिलेलं नसतं. आयुष्यभर झाडाखाली बसलेला माणूसच ती करतो. मी त्यांना समजावलं. तात्या, झाड शेंड्याला वाढतं. खालचं खोड वर सरकत नाही, ते नुसतं जाड होतं. ज्या उंचीला खिळा मारला त्याच उंचीला तो शंभर वर्षांनीही असतो. झाड त्याला गिळून आत घेतं, एवढंच.

"म्हंजे त्यो अजून तिथंच हाय?"

हे तात्या बोलले नव्हते. त्यांच्या बायको, आक्का, चहाची किटली घेऊन बांधाच्या अलीकडे उभ्या होत्या. ठेंगण्या, वाळलेल्या, डोक्यावर पांढऱ्या केसांचा एवढासा अंबाडा. सकाळपासून त्या बांधाकडे फिरकल्या नव्हत्या. चहासुद्धा दोनदा दुसऱ्याच कुणाच्या हाती आला होता.

"कोणता?" मी विचारलं.

"डोक्यावरचा. दोन घावलं ना तुमाला? एक गुडघ्यापाशी, एक कमरंपाशी. तिसरा डोक्यावर."

"अगं, गप की," तात्या म्हणाले.

आक्का गप्प बसल्या नाहीत. किटली खाली ठेवून त्या बांध ओलांडून आल्या. लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. देवरुषीने त्यांना या बाभळीला पाठ लावून उभं केलं आणि त्यांच्या मापाने तीन खिळे ठोकले. डोक्यावरच्या खिळ्याला त्यांच्या केसांची बट उपटून गुंडाळली. "समदी वाडी बघत व्हती," त्या म्हणाल्या.

आमच्या घरातून देवरुषी, अंगारे-धुपारे माझ्या आजोबांनी बौद्ध धर्म घेतला त्या दिवशीच बाहेर गेले. त्यामुळे असलं काही ऐकलं की माझं भाषण तयारच असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण तात्यांचा चेहरा बघितला आणि थांबलो. माणूस लाजलेला नव्हता. घाबरलेला होता.

"मिस्त्री, हात जोडतो. लागीर झालं व्हतं तिला. देवरुषी म्हनला व्हता, डोक्यावरचा खिळा निघाला की परत येईल. तेवढा राहू द्या. चौकट न्हाई झाली तरी चालंल. खोड असंच्या असं गाडून टाकू, पन तिला काय व्हायला नको."

"मला काय झालं व्हतं ते तुमी इचारलं का कवा?" आक्का म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पोर गेलं व्हतं माझं. नऊ दिसाचं. बारसं बी झालं नव्हतं. मी रडत व्हते, जेवत नव्हते, उठून म्हायेराच्या वाटंला लागत व्हते. लागीर कसलं त्यात? आई व्हते मी." मग माझ्याकडे वळल्या. "पंचेचाळीस वर्षं मी ह्या बांधाला पाय लावला न्हाई, मिस्त्री. बाया खुरपायला यायच्या, मी पल्याडच्या वावरात जायची. आन आता त्योच खिळा माझ्या दाराच्या चौकटीत? रोज त्याच्याखालनं ये-जा करू? काढा त्यो. मला बघायचाय."

तात्या मान हलवत नको नको म्हणत होते. दोघंही माझ्याकडे बघत होते. नवरा-बायकोचं पंचेचाळीस वर्षांचं भांडण आणि निवाडा करायला चेनसॉवाला! मला दोघांचाही राग आला, खरं सांगतो. सोललेला हात ठणकत होता. मी म्हटलं, "तात्या, मला यातलं काही कळत नाही. खिळा आत राहिला तर मशीन पुढे जाणार नाही, एवढंच कळतं."

हे खोटं होतं. खोड फिरवून दुसऱ्या बाजूने घेतलं असतं तर खिळ्याला न शिवता चौकट निघाली असती. मी ते सांगितलं नाही. धंद्यात गिऱ्हाइकाशी मी खोटं बोलल्याचं मला हे एकच आठवतं, आणि अजूनही त्याचा पस्तावा होत नाही.

मग मापं. बुंध्याचा एक फूट थुटका जमिनीत उभा होता. मी आक्कांना त्याच्याशेजारी उभं केलं. विचारलं, खिळा कुठे लागत होता? त्यांनी डोक्यावर चार बोटं धरली. जमिनीपासून टेप लावला, पाच फूट एक इंच. त्यातून थुटक्याचा एक फूट वजा. म्हणजे आडव्या ओंडक्यावर बुंध्यापासून चार फूट एक इंच. तिथे खूण केली. तिसरी चेन चढवून दोन्ही बाजूंना आडवे काप घेतले, कुऱ्हाडीने ढलप्या उडवल्या, पटाशीने चार इंच आत गेलो. काही नाही. नुसतं तांबूस, स्वच्छ लाकूड. तात्यांचा चेहरा उजळला. "बगा, गेला व्हता वर!"

आता माझं माप चुकेल? तीस वर्षं मापं घेतलीत. मी चिडून तिथेच पटाशी चालवत राहिलो. शेंड्याच्या बाजूला दोन इंच पुढे गेलो आणि लाकूड काळं लागायला सुरुवात झाली. बाभळीला लोखंड लागलं की आतून शाईसारखा डाग पसरतो, त्यावरून आम्हाला कळतं. म्हटलं, "आक्का, तुम्ही दोन इंच चुकीचं दाखवलंत."

"चुकीचं कशाला दाखवीन?" त्या म्हणाल्या. "मी आखूड झाले असंन."

मी खोदत राहिलो. खिळ्याचं डोकं लागलं. गंजून लाकडाशी एकजीव झालेला, बोटाएवढा जाड, पूर्वी लोहार घडवायचा तसला चौकोनी खिळा. पक्कड लावली, हलवला, पुन्हा हलवला. निघताना त्याने बारीक आवाज केला. तात्यांनी तोंड फिरवलं होतं.

खिळ्याभोवती केस होते. झाडाने वारा-पाऊस काहीच आत येऊ दिला नव्हता. चांगली जाड बट होती आणि काळीभोर होती.

मी खिळा त्या बटेसकट आक्कांच्या हातावर ठेवला. आक्कांनी चष्मा सारखा केला, नखाने केस हळूहळू सोडवले, खिळा बाजूला टाकला आणि केस तळहातावर पसरून पाहत राहिल्या. नंतर तात्यांच्या दंडाला धरून त्यांना वळवलं.

"बगा," त्या म्हणाल्या. "ह्यात कोण बी न्हाई. माझीच हायेत."

तात्यांनी पाहिलं. हात पुढे केला, मागे घेतला, परत पुढे केला आणि एका बोटाने त्या केसांना स्पर्श केला. काही झालं नाही. काय होणार होतं? बांधावर वारा होता, पलीकडच्या वावरात कुणाचा तरी ट्रॅक्टर चालला होता.

मी तिथून निघून जायला पाहिजे होतं, पण जायला निमित्त होतं ते टेम्पोतल्या चौथ्या चेनचं, आणि टेम्पो उभा त्यांच्या मागे. म्हणून उगाच मशीनची टाकी उघडून बघत बसलो. पेट्रोल भरलेलंच होतं.

"काय ठेवनार व्हतीस?" तात्यांनी विचारलं.

"काय?"

"नाव. त्याचं."

आक्कांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं, आता या तो खिळाच उचलून फेकून मारतात. "आता इचारता व्हय?" त्या म्हणाल्या. "आता?"

तात्या तसेच उभे राहिले.

मग आक्कांनी नाव सांगितलं. ते त्या दोघांपुरतंच राहावं म्हणून मी दोरी ओढली आणि मशीन सुरू केलं.